भिंतीपाशी थांबलेला डाव
कामानिमित्त न्यूकॅसलला असाल, तर एक सुट्टी विंडोलँडासाठी राखून ठेवा. रोमन सम्राट हॅड्रियनने इ.स. 122 मध्ये बांधायला घेतलेल्या 117 किलोमीटर लांब भिंतीच्या जरा दक्षिणेला, कुरणांमध्ये या किल्ल्याचे अवशेष आहेत. 2019 मध्ये इथे तिसऱ्या शतकातल्या स्नानगृहामागे एक फुटका दगड सापडला. त्यावर बुद्धिबळासारखी घरं आखलेली! हा ‘लुडुस लॅट्रुन्क्युलोरुम’ या रोमन युद्धखेळाचा पट. यात फासे नाहीत. शत्रूची सोंगटी आपल्या दोन सोंगट्यांच्या मध्ये सापडली की मेली.

त्या काळी इथे गॉलांची चौथी पलटण होती. गॉल म्हणजे साधारण आजचा फ्रान्स, ज्यूलियस सीझरने जिंकलेला मुलूख. पलटणीला नाव हरलेल्यांचं, खेळ जिंकणाऱ्यांचा! पटावर शत्रूचं अख्खं सैन्य मारलं, तरी उठल्यावर पुन्हा तोच पहारा आणि तोच पाऊस.

घरी पाटीवर चौकोन आखून, चिंचोके आणि खडे घेऊन हा नियम खेळून पाहा. सीमेवर शिपायाला एकटं का सोडत नाहीत, ते मुलांना दोन डावांत कळतं.