लिलाव थांबत नाही

विंचूरच्या वेशीचं चित्र माझ्याकडून कधी पूर्ण झालं नाही. पानिपताहून जिवंत परतलेले सरदार विठ्ठल शिवदेव विंचूरकर, त्यांच्या जहागिरीचं हे गाव. इथली दगडी कमान जागची हलत नाही, आणि माझं घोडं तिथंच अडायचं. समोरची वस्तू थांबून राहिली की माझा हात रबराकडे जाई. डावी बाजू उजवीशी जुळेना की खोड, पुन्हा काढ, पुन्हा खोड. शेवटी वैतागून पान फाडायचं. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या शाळेतल्या चित्रकला परीक्षांना भूमितीच्या पेपरात रेघ चुकून चालत नसे, ते ठीकच. पण ती शिस्त मी वस्तुचित्रातल्या किटलीलाही लावली आणि मोठेपणी झाडालासुद्धा.

सुटका केली उन्हाळ कांद्यानं. लासलगाव बाजार समितीचा उपबाजार आमच्या गावात आहे. ट्रॅक्टर रांगेत लावला की नंबर येईपर्यंत नुसतं बसायचं, आणि बसणं मला जमत नाही. खिशात बॉलपेन होतं, सोबत हिशोबाची वही. रबर नव्हतंच.

व्यापाऱ्यांचा घोळका ट्रॉलीपाशी येतो, कुणी कांदा हातात घेऊन दाबून बघतो, बोली चढते, भाव फुटला की सगळे पुढच्या ट्रॉलीकडे. टोपी काढेपर्यंत माणूस पाठमोरा होतो. मग मी डोकं एकाचं, खांदा दुसऱ्याचा, हात तिसऱ्याचा असं जोडत गेलो, आणि कागदावर चक्क घोळका दिसायला लागला! आधी पाठीचा बाक, मग पाय. चेहरा जमला तर जमला. ट्रॉलीतला कांदा मात्र मी एकेक काढायला घेतला होता. अर्धा ढीग होतो न होतो तोच ट्रॉली काट्याकडे निघून गेली. तेव्हापासून कडेचे चार कांदे गोल, बाकी नुसत्या तिरक्या रेघा. ढीग ढिगासारखा दिसतो.

शेजारच्या ट्रॅक्टरवरून एक बाबा वाकून बघत म्हणाले, “चाक बारीक झालंय, पण ट्रॅक्टर माझाच आहे ना रे?” होता त्यांचाच. मला शाळेतल्या कुठल्याही ग्रेडपेक्षा ते जास्त आवडलं.

मी करत होतो तशीच चित्रं काढणाऱ्यांचा ‘अर्बन स्केचर्स’ हा गट सिअ‍ॅटलच्या गॅब्रिएल कॅम्पानारिओ या पत्रकार-चित्रकारानं २००७ मध्ये सुरू केला. जागेवर बसायचं आणि समोर दिसतं ते काढायचं, हे त्यांचं मुख्य सूत्र. नाव शहरी असलं तरी बाजार समितीत ते उत्तम चालतं.

वह्या आता साठल्यात. कांद्याचे भाव आणि माणसं एकाच पानावर असल्यानं घरचे त्या रद्दीत घालत नाहीत, हा वरचा फायदा.

तुमच्या घरात एखादं मूल चित्र खोडून खोडून रडकुंडीला येत असेल, तर रबर घरी ठेवून त्याला लिलावाला घेऊन या. सुट्टीच्या दिवशी लिलाव बंद असतो, तेवढं आधी विचारून घ्या.