वीस फुटी खांबाचे चार तुकडे

जुलै २०१८. तेव्हा मी उत्तर सिक्कीममध्ये होतो. लाचेनच्या पुढे कुठेतरी, एवढंच लिहितो. जागेचं नाव सांगत नाही आणि माजी सैनिक वाचक ते विचारणारही नाहीत. मी ईएमईचा माणूस, एका इन्फन्ट्री पलटणीच्या एलएडीत होतो. गाड्या, जनरेटर, बुखारी, जे बिघडेल ते आमच्याकडे यायचं.

वरच्या एका चौकीवर झेंड्यासाठी लाकडी खांब होता. पावसाने तो बुडाशी कुजला आणि एका रात्री आडवा झाला. पंधरा ऑगस्ट महिन्यावर आलेला. सुभेदार साहेबांनी खालून दोन इंची जीआय पाइप मागवला, अख्खा, ६ मीटरचा. गाडी जिथवर जाते तिथवर तो ट्रकच्या छतावर बांधून आला. पुढची चाल खेचरांची आणि माणसांची.

खेचराच्या एका बाजूला वीस फुटी पाइप बांधता येत नाही, हे सांगायला शहाणपण लागत नाही. तरी आधी तेच करून पाहिलं. पहिल्याच वळणावर पाइपचं पुढचं टोक डोंगरात रुतलं, मागचं दरीवर गेलं आणि खेचर जागेवर गोल फिरायला लागलं. मग चार जवानांनी खांद्यावर घेतला. आमच्याकडे जोतिबाच्या चैत्र यात्रेत याहून उंच सासनकाठ्या नाचवतात, पण त्या उभ्या असतात आणि बाजूने दोऱ्या धरलेल्या असतात. इथे पाइप आडवा, वाट दोन फुटांची, वर पाऊस. तिसऱ्या वळणावर पुढच्या दोघांनी वळण घेतलं, मागच्या दोघांना घेता येईना. एकाचा पाय घसरला आणि पाइप त्याच्या गुडघ्यावर आला. हाड मोडलं नाही एवढंच. पाइप आणि तो जवान, दोघेही परत खाली आले.

संध्याकाळी साहेब वर्कशॉपच्या तंबूत आले. म्हणाले, "उस्ताद, इसको काट दो. पर ऊपर जाकर एक होना चाहिए."

मला हे काम सोपं वाटलं. आमच्या गावाकडे बोअरमध्ये पंप सोडतात ते पाइप मी लहानपणापासून बघत आलोय. वीस फुटाचा एक पाइप, त्याला आटे, वर सॉकेट, त्यात दुसरा पाइप. चेन-पुली लावून असे दहा-पंधरा पाइप एकाखाली एक सोडतात आणि मोटरीचं सगळं वजन त्यावर टांगलेलं असतं. तेच इथे करायचं. पाइपचे दीड-दीड मीटरचे चार तुकडे केले, डाय लावून आटे पाडले, तीन सॉकेट बसवले. एका दिवसात काम संपलं. खेचराच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन तुकडे, वजन सारखं. वर पोचले, जोडले, उभे केले. मी खाली चहा पीत होतो.

३ ऑगस्टला फोन आला. "उस्ताद, तुम्हारा खंभा टूट गया."

दुपारनंतर त्या खोऱ्यातून वारा सुटतो. झेंडा अजून लावलेला नव्हता, नुसता खांब हलत होता. खालच्या सॉकेटच्या अगदी तोंडाशी, जिथे आटे सुरू होतात, तिथे तो मोडला होता. खाली कुणी नव्हतं. पण शेजारीच संत्रीची जागा होती आणि पहारा बदलून दहा मिनिटं झाली होती. हे मला फोनवर कुणी सांगितलं नाही, नंतर वर गेल्यावर कळलं. त्या रात्री झोप आली नाही.

चूक कुठे झाली हे मात्र फोन ठेवताक्षणीच कळलं होतं. बोअरमधला पाइप लटकतो. खांब वाकतो. लटकणाऱ्या पाइपला आटे पुरतात, कारण ओढ सरळ खाली असते. वाऱ्यातल्या खांबाचा सगळा जोर खालच्या जोडावर एकदा या कुशीला, एकदा त्या कुशीला येतो. दोन इंची मध्यम जाडीच्या पाइपची भिंत ३.६ मिलिमीटर. आटे पाडताना त्यातला जवळजवळ दीड मिलिमीटर मीच खरवडून काढला होता. राहिली दोन मिलिमीटर, आणि वर प्रत्येक आट्याची खाच म्हणजे चीर सुरू व्हायला आयती जागा. आणखी एक गोष्ट मी विसरलो होतो. पाइपचे आटे निमुळते असतात. दरवेळी घट्ट केलं की तुकडा वेगळ्या जागी थांबतो. म्हणजे वरची कप्पी एकदा पूर्वेकडे, एकदा पश्चिमेकडे. खांब मोडला नसता तरी तो चांगला नव्हताच.

आता दुसरा उपाय. जोडाच्या आत एक बारीक पाइप घालायचा, त्याचा अर्धा भाग खालच्या तुकड्यात पक्का, अर्धा बाहेर; वरचा तुकडा त्यावर टोपीसारखा बसवायचा. आम्ही त्याला बोलीत खुंटी म्हणायचो. उलटं करू नये, म्हणजे खुंटी वरच्या तुकड्यातून खाली लोंबती ठेवू नये. वरचा तुकडा खालच्यावर आला की पाऊस बाहेरून निथळतो, कौलावरून निथळतो तसा. उलटं केलं की प्रत्येक जोड म्हणजे नरसाळं.

पण दोन इंचीत दीड इंची पाइप छान बसेल असं वाटतं ते फक्त नावावरून. पाइपचं नाव एक आणि माप दुसरं. दोन इंचीचं आतलं माप साधारण ५३ मिलिमीटर, दीड इंचीचं बाहेरचं ४८. मध्ये पाच मिलिमीटरचा खुळखुळा. असा जोड उभा केला तर वरची तीन माणसं डोलतील तशी डोलत राहील आणि एक दिवस पुन्हा तेच. म्हणून खुंटीवर दोन ठिकाणी पत्र्याच्या कड्या गुंडाळून वेल्ड केल्या, एक बुडाशी, एक टोकाशी, आणि लॉरीवरच्या लेथवर त्या घासून मापात आणल्या. पूर्ण लांबी घट्ट असायची गरज नसते. दोन टोकांना घट्ट बसलं की मधला भाग हलत नाही. पाइपच्या आत शिवणीचा उंचवटा असतो, तो तोंडापासून २० सेंटिमीटर आतपर्यंत अर्धगोल कानशीने काढला. हे काम कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं. एका जवानाने त्यात दोन दिवस घालवले. खुंटी ४० सेंटिमीटरची. वीस आत, वीस बाहेर. जोर त्या वीस सेंटिमीटरवर, बोल्टवर नाही. बोल्ट फक्त वरचा तुकडा फिरू नये आणि उचलला जाऊ नये म्हणून, १० मिलिमीटरचा, आरपार एक.

वेल्डिंगच्या जागेचं जस्त आधी घासून काढायचं. नाहीतर जो पांढरा धूर निघतो त्याने रात्री थंडी वाजून ताप भरतो. दूध प्यायलं की उतरतो असं म्हणतात. मी दूध पिऊनही तापलोय. जस्त गेलं तिथे रेड ऑक्साइड आणि वर रुपेरी रंग.

प्रत्येक जोडाची भोकं एकत्र धरूनच पाडली, त्यामुळे ती आपापल्या जोडीदारालाच जुळणार. म्हणून पंचने ठिपके मारले. पहिल्या जोडाच्या दोन्ही बाजूंना एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. अंधारात, हातमोज्यातून बोटाला लागतील एवढे खोल.

या वेळी मी स्वतः वर गेलो. १२ ऑगस्टला निघालो, तुकडे खेचरावर, मी मागे. ज्या वळणावर तो जवान पडला होता तिथे खेचरवाल्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि हसला. पाइप कशालाही न लागता वळला होता. बुडाशी दोन चॅनेल सिमेंटात पुरले, खांब त्यांच्यामध्ये दोन बोल्टवर. वरचा काढला की खांब आडवा करता येतो. ताण द्यायला तारा लावाव्यात असं माझं म्हणणं होतं. साहेब नको म्हणाले. जागा अरुंद, रात्री कुणाच्या तरी पायात येतील. मग बूड आणखी जड केलं.

१५ तारखेला झेंडा चढला. खादीचा, १३५० बाय ९०० मिलिमीटरचा. तेव्हा ध्वजसंहितेत खादीच चालायची आणि सूर्यास्ताला उतरवायचा. वारा होता. मी झेंड्याकडे कमी आणि खालच्या जोडाकडे जास्त बघत होतो. सॅल्यूट करतानाही. एक केसभरही हालचाल नाही.

१६ला खाली उतरणार होतो, पण वाटेत दरड आली. संध्याकाळी बातमी आली की वाजपेयी गेले. २२ तारखेपर्यंत राष्ट्रीय दुखवटा, १७ पासून झेंडा अर्ध्यावर.

अर्ध्यावर म्हणजे आधी पूर्ण वर न्यायचा, मग अर्ध्यावर आणायचा. उतरवतानाही आधी पुन्हा टोकाला नेऊन मग खाली. आणि ताराच नसल्या तर अर्धा म्हणजे खांबाच्या उंचीचा अर्धा. ६ मीटरचा खांब, चार सारखे तुकडे. अर्ध्यावर काय आलं? दोन ठिपक्यांचा जोड. बोल्टचं डोकं एका बाजूला, दुसऱ्या बाजूला नटाबाहेर आलेले आटे, नेमके दोरीच्या बाजूला. दिवसभर झेंडा त्याच्यावर फडफडत राहिला. सूर्यास्ताला वर न्यायला दोरी ओढली तर येईना. जवान थांबला. मी म्हटलं, ओढू नकोस, सैल सोड. दोनदा सोडल्यावर सुटला, वर गेला, मग हळू खाली आला. दोरीकडच्या पट्टीजवळ हिरव्या रंगात बोटभर फाटलं होतं.

कुणी काही बोललं नाही. साहेबांनी तो घडी करून आत नेला. तो पुन्हा लावायचा नसतो. चौकीत एक जादा झेंडा होता.

बोल्टचे आटे तिथेच करवतीने कापले, कानशीने गोल केले. खेचरवाल्यांकडे ओझी बांधायला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या असतात. त्यांच्याकडून एक अख्खी ट्यूब मागून तिच्या नळ्या कापल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे, झेंडा चढायच्या आधी, खांब आडवा करून एकेक नळी तिन्ही जोडांवर चढवली. पुढचे पाच दिवस झेंडा अडकला नाही. नळीने जोडात पाणी जाणंही बंद होईल असं वाटलं होतं. ते पूर्ण बंद झालं नाही. नोव्हेंबरमध्ये खांब उतरवताना खालचा जोड बर्फाने धरला आणि तीन किटल्या गरम पाणी ओतावं लागलं. ग्रीस लावायला मीच सांगितलं नव्हतं.

मग माझी बदली झाली, पलटणही बदलली. मागच्या वर्षी एका अनोळखी नंबरवरून फोन आला. दुसऱ्याच कुठल्या पलटणीतला नाईक होता, माझा नंबर त्याने कुणाकुणाकडून मिळवला होता. त्याने विचारलं, "उस्ताद, दो डॉट वाले जोड़ का बोल्ट गिर गया है. कौन सा लगेगा?"

मी म्हटलं, दस का, अस्सी मिलिमीटर लंबा. लांब पडला तर कापून टाक, आणि नट दोरीच्या बाजूला ठेवू नकोस.