इंदूरच्या ओट्यावर शेवंड

इंदूर म्हटलं की पोहे-जिलबी आणि सराफा. दिवसा सोन्याचांदीची दुकानं. ती बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे भुट्टे का कीस, गराडू, रबडी यांची गर्दी. होळकरांच्या मागोमाग आलेली मराठी घरं इथं पिढ्यान्‌पिढ्या नांदताहेत. मासळीसाठी मात्र हे गाव कुणी सांगत नाही. मुंबईच साडेपाचशे किलोमीटरहून लांब!

अशा गावात मी शेवंड खाल्ली, तीही घरी शिजवलेली. माझी मावसबहीण इथं राहते. तिच्या सासूबाई मूळच्या कारवारच्या. गुडघ्यांमुळे प्रवास सुटला आणि कारवारही सुटलं. त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला समुद्राचं काहीतरी करायचं, असं बहिणीनं ठरवलं होतं.

विलायती पुस्तकांतल्या शेवंडीला मोठे नांगे असतात. आपल्याकडच्या काटेरी शेवंडीला ते नसतात, सारं मांस शेपटीत. मेलेली शेवंड लवकर मऊ पडते, म्हणून लांबच्या गावी गोठवलेल्या शेपट्याच बऱ्या. बहिणीनं त्या रात्रभर फ्रिजमध्ये सुटायला ठेवल्या, कवच कात्रीनं उभं कापलं, काळा दोरा काढला आणि सात-आठ मिनिटं वाफवल्या. काचेसारखं मांस पांढरं झालं की उतरवायचं. पुढं ते रबर होतं.

आता सॉस. बारीक कांद्यावर अर्धी वाटी नाशिकची पांढरी वाइन ओतून ती दोन चमचे उरेपर्यंत आटवायची. मग मंद आचेवर थंडगार लोण्याचे तुकडे एकेक करून घोटायचे. तूप इथं चालत नाही. लोण्यात सुमारे सोळा टक्के पाणी आणि थोडा दुधाचा अंश असतो, त्यानंच सॉस एकजीव राहतो. उकळी आली की तूप सुटून वर येतं. आपण लोणी म्हणा की बेण्णे, त्याचा हा गुण आपल्या घरांत फारसा वापरलाच जात नाही. आपण ते लगेच कढवून मोकळे होतो.

वाइनची बाटली दिसताच सासूबाईंनी विचारलं, ''दारू घालतेस होय गं?''

''आटवते आहे आई, पण थोडा अंश राहतोच,'' बहिणीनं खरं ते सांगितलं.

''मग माझ्या पानात नको. ती कशाला लागते?''

''आंबटपणासाठी.''

''एवढंच ना? मग आमसूल घाल की!''

दुसऱ्या पातेलीत आमसुलाचं पाणी आटलं, त्यात लोणी घोटलं. सॉस झाला फिकट गुलाबी. मिठाची चिमूट, बस्स. ना वाटण, ना तिरफळ. टेबलावर दोन्ही वाट्या ठेवल्या आणि मुलांचे हात सारखे गुलाबी वाटीकडेच वळत राहिले.

घरी करणार असाल तर एक सांगतो. लहान आणि पोटाशी अंडी धरलेली शेवंड घेऊ नका. आपल्या किनाऱ्यावर सापडणाऱ्या एका जातीची ३०० ग्रॅमहून लहान शेवंड निर्यात करायला २००३ पासून बंदी आहे, ती तिची वीण टिकावी म्हणूनच. मोठी एकच आणावी आणि चौघांत वाटावी. सासूबाईंनी तेच केलं. पहिला तुकडा सुनेच्या पानात वाढला आणि मगच आपला घास घेतला.