पाषाणाच्या गुहा आणि बर्फाची गुहा

आल्प्स पर्वताविषयीं आपल्याकडे जें वाचावयास मिळतें त्यांत हिमाच्छादित शिखरें, निळीं सरोवरें आणि कुरणांत चरणाऱ्या गायींच्या गळ्यांतील घंटा यांचेंच वर्णन बहुधा असतें. पर्वत बाहेरून पाहण्याचा आनंद मोठा खराच; परंतु त्याच्या पोटांतही एक निराळी सृष्टि आहे. २०१८ सालच्या उन्हाळ्यांत आमच्या चिरंजीवांच्या नोकरीच्या निमित्तानें झूरिक शहरीं कांहीं महिने राहण्याचा योग आला. तेव्हां चिरंजीव, सूनबाई आणि नऊ वर्षांचा नातू यांच्यासह अशा तीन गुहा मीं पायीं हिंडून पाहिल्या. त्यांची हकीकत वाचकांस सादर करतों.

संस्कृतांत ‘गुह्’ या धातूचा अर्थ झांकणें, लपविणें असा आहे. गुहा आणि गुह्य हे दोन्ही शब्द त्यापासूनच झाले. ही व्युत्पत्ति मीं वर्गांत वर्षानुवर्षें सांगितली. तिचा प्रत्यय मात्र या प्रवासांत आला. आपल्या वेरूळ, कार्लें, भाजें येथील गुहा मनुष्यांनीं छिन्नी-हातोड्यानें कोरलेल्या आहेत. सह्याद्रीचा काळा कातळ ज्वालामुखीच्या रसापासून बनलेला. तो पाण्यांत विरघळत नाहीं. आल्प्सच्या उत्तरेकडील पुष्कळ डोंगर मात्र चुनखडीचे आहेत. पावसाचें पाणी हवेंतील व मातींतील कार्बन डायऑक्साइड वायु शोषून किंचित् आंबट होतें, खडकाच्या फटींतून झिरपतें आणि लक्षावधि वर्षें चुनखडी विरघळवीत राहतें. आपल्याकडे लेणीं खोदणारे शिल्पी होते. तिकडे तें काम पाण्यानें केलें.

पहिली गुहा स्वित्झर्लंडच्या ईशान्य कोपऱ्यांतील आप्पेनझेल प्रांतांत आहे. तिचें नांव विल्डकिर्खली, म्हणजे रानांतील लहानसें प्रार्थनामंदिर. वासराउएन या ठिकाणाहून १९५५ सालीं सुरू झालेल्या तारेवरच्या पाळण्यांतून आम्ही १६४० मीटर उंचीच्या एबेनआल्प पठारावर गेलों, आणि तेथून पायवाटेनें खालीं उतरूं लागलों. त्या देशांत डोंगरवाटांवर पिवळ्या पाट्या लाविलेल्या असतात. त्यांवर बहुधा अंतर नव्हे, तर चालावयास किती वेळ लागेल हें लिहिलेलें असतें. माझ्या गुडघ्यांस मात्र प्रत्येक पाटीवर कांहीं मिनिटें वाढवून घ्यावीं लागलीं! वाटेंत भेटणारा प्रत्येक अनोळखी मनुष्य ‘ग्रुएत्सी’ म्हणून अभिवादन करी. आपल्याकडे वारीच्या वाटेवर अनोळखी माणसें एकमेकांस ‘माउली’ म्हणतात, त्याची आठवण झाली.

ही वाट गुहेच्या आंतूनच जाते. वरून शिरावें, ओल्या अंधारांतून सांवकाश चालावें आणि दुसऱ्या तोंडानें कड्याच्या ऐन मध्यावर बाहेर पडावें. १६५८ पासून १८५३ पर्यंत येथें एकामागून एक ख्रिस्ती तपस्वी राहत असत. गुहेंतील त्यांची वेदी आजही दाखवितात. परंतु त्यांच्याही पूर्वीचे रहिवासी मातीखालीं दडले होते. १९०४ ते १९०८ या काळांत एमिल बेख्लर या संशोधकानें येथें उत्खनन केलें, तेव्हां आतां निर्वंश झालेल्या गुहावासी अस्वलांचीं हाडें आणि निअँडरथल मानवाचीं दगडी हत्यारें सांपडलीं. तीं सुमारें चाळीस हजार वर्षांपूर्वींचीं मानितात. एवढ्या उंचीवर इतका प्राचीन मानव वावरला असेल, अशी कल्पना तोंवर विद्वानांसही नव्हती. वाऱ्यापावसानें बाहेरचा डोंगर झिजला, पण गुहेनें आपल्या पोटांतली ठेव कोणास दिली नाहीं. हें सर्व नातवास सांगितल्यावर तो माझा हात घट्ट धरून म्हणाला, “आजोबा, अस्वलें परत आलीं तर?” गुहेबाहेर थोड्याच अंतरावर कड्याला टेकून एशर नांवाचें जुनें विश्रांतिगृह उभें आहे, त्याची मागची भिंत म्हणजे डोंगरच. तेथें गरम सूप घेतल्यावर अस्वलांची भीति दूर झाली.

दुसरी गुहा पाहण्यासाठीं आम्ही शेजारच्या ऑस्ट्रिया देशांत गेलों. साल्झबुर्गच्या दक्षिणेस वेर्फेन गांवावरील डोंगरांत, १६४१ मीटर उंचीवर, तिचें तोंड आहे. नांव आइसरीझेनवेल्ट, अर्थ ‘बर्फाच्या राक्षसांचें जग’. एकंदर लांबी ४२ किलोमीटरांहून अधिक. त्यांपैकीं पहिल्या सुमारें एक किलोमीटरांत बर्फ आहे. १८७९ सालीं आन्तोन पोसेल्ट या गृहस्थानें आंत सुमारें दोनशें मीटर जाऊन ती प्रथम पाहिली, आणि पुढें ती बहुतेक विस्मृतींत गेली.

आंत जातांना प्रत्येक कांहीं जणांमागें एक कार्बाइडचा दिवा हातीं देतात. दार उघडतांच आंतून असा गार झोत येतो कीं दिवे फडफडतात. आंत सातशें पायऱ्या चढावयाच्या आणि सातशें उतरावयाच्या. वाटाड्या मधूनमधून मॅग्नेशियमची तार पेटवी, आणि त्या शुभ्र उजेडांत बर्फाचे स्तंभ व पडदे क्षणभर उजळून पुन्हां अंधारांत बुडून जात. ऐन ऑगस्टांत येथें बर्फ कसा टिकतो? हिवाळ्यांत गुहेंतील हवा बाहेरच्या मानानें ऊबदार असते. ती वरच्या फटींतून निघून जाते आणि खालच्या तोंडानें बाहेरची कडक थंडी आंत ओढली जाते. त्यामुळें खडक शून्य अंशाखालीं गार होतात. वसंतांत डोंगरावरचें वितळलेलें पाणी झिरपून आंत आलें कीं तें त्या गार खडकांवर गोठतें. अर्थात् हिवाळ्याची थंडी डोंगर आंत सांठवून ठेवतो. आपल्याकडे सुगीचें धान्य बळदांत भरून ठेवीत, त्यांतलाच हा प्रकार.

१९१२ पासून या गुहेचा शोध पुढें नेणारा आलेक्झांडर फोन म्योर्क हा तरुण १९१४ सालीं महायुद्धांत मारला गेला. त्याच्या इच्छेप्रमाणें त्याचा अस्थिकलश गुहेंतील एका विशाल दालनांत ठेविला आहे. आपल्याकडे अस्थि वाहत्या पाण्यांत सोडतात. येथें एका तरुणानें न वाहणारें पाणी पसंत केलें होतें! त्या दालनांत आमच्या मंडळींपैकीं कोणीही मोठ्यानें बोललें नाहीं.

तिसरी गुहा दगडाची नव्हे, सगळीच बर्फाची. आणि निसर्गानें नव्हे, मनुष्यानें खोदलेली. स्वित्झर्लंडच्या फुर्का घाटाखालीं ऱ्होन नदीचा उगम ज्या हिमनदींतून होतो, तिच्या पोटांत सुमारें १८७० पासून दरवर्षीं एक भुयार खोदीत आले. हिमनदी सरकते आणि वितळते, म्हणून एका वर्षाचें भुयार पुढच्या वर्षीं उपयोगी पडत नाहीं. आम्ही ग्लेच या खोऱ्यांतील वस्तीपासून पायवाटेनें चढलों. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही हिमनदी त्या खोऱ्याच्या तळापर्यंत पसरलेली होती. आतां तेथें गवत, झुडुपें आणि बर्फानें घांसून गुळगुळीत केलेले उघडे खडक आहेत. दोन-अडीच तास आम्ही चढत होतों, आणि त्या वाटेवर बर्फाचा मागमूस नव्हता.

सुमारें २३०० मीटर उंचीवर रस्त्याच्या वळणाशीं बेल्व्हेदेर नांवाचें जुनें हॉटेल आहे. तें २०१५ सालींच बंद पडलें. हिमनदीच्या तोंडाशीं वितळलेल्या पाण्याचें तळें सांचलें होतें, आणि भुयारावरच्या बर्फावर पांढऱ्या कापडाचे मोठमोठे पट्टे अंथरले होते. तें पाहून नातवानें विचारलें, “आजोबा, बर्फाला थंडी वाजते म्हणून पांघरूण घातलें का?” मीं म्हणालों, “नाहीं रे बाळ, त्याला ऊन बाधतें म्हणून.” पांढरें कापड सूर्याचे किरण परतवितें आणि त्याखालचा बर्फ पुष्कळ हळू वितळतो. पण असें कापड एका भुयारापुरतें घालतां येईल. सगळ्या हिमनदीला कोण घालणार?

आंतील भुयार सुमारें शंभर मीटर लांब होतें. पायाखालीं फळ्या, आणि भोंवतालीं गडद निळा प्रकाश. दाट बर्फ उजेडांतला तांबडा रंग शोषून घेतो, म्हणून निळा तेवढा उरतो. वरून पाणी एकसारखें ठिबकत होतें. नातवानें भिंतीला हात लाविला, मींही लाविला. दोघांचेही तळवे भिजले.

त्यानंतरचीं वर्षें आणखी कठीण गेलीं. २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत स्वित्झर्लंडमधील हिमनद्यांनीं आपल्या बर्फापैकीं सुमारें दहावा हिस्सा गमावला. संयुक्त राष्ट्रांनीं २०२५ हें हिमनद्यांच्या रक्षणाचें वर्ष म्हणून जाहीर केलें होतें. ही चिंता परक्या देशाची समजूं नये. आपल्या गंगेचें गोमुखही मागें सरकत आहे, आणि कारण दोहोंकडे एकच, तापत चाललेली हवा.

गुहेचा धर्म झांकणें आणि जपणें. विल्डकिर्खलीनें अस्वलांचीं हाडें चाळीस हजार वर्षें जपलीं. आइसरीझेनवेल्ट हिवाळ्याची थंडी आणि एका तरुणाच्या अस्थि जपून आहे. ऱ्होनच्या गुहेला मात्र मनुष्यालाच पांघरूण घालावें लागलें. आपल्या एकत्र कुटुंबांत वडील माणसें दागदागिने आणि तांब्यापितळेचीं भांडीं नातवंडांसाठीं राखून ठेवतात. ती ठेव आपल्या कपाटांत असते, म्हणून तिची काळजी सुचते. डोंगरावरचा बर्फ कोणाच्याच कपाटांत नाहीं. पण त्याचें पाणी ज्यांना प्यावयाचें आहे तीं नातवंडें आपलींच आहेत. आमच्या नातवानें निदान आपल्या हातानें ती भिंत चांचपली आहे. त्याच्या नातवंडांस तसें करतां येईल कीं नाहीं, हें पुष्कळसें आजच्या घराघरांतून ठरावयाचें आहे.