बाजारात तुरी

मुलांनो, तुम्ही कधी कागदावर लखपती झाला आहात? मी झालो आहे! मागच्या मे महिन्यात, एका रविवारी दुपारी, ताईच्या ओटीवर बसून, पाठकोऱ्या कागदावर. आणि तासाभरात पुन्हा होतो तसा झालो. त्याचीच ही गोष्ट.

आमची ताई घरी शिलाईकाम करते. भावजींचा कारखाना बंद पडल्यापासून तिच्या मशीनवरच घर चालतं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत मी मोडी लिपीच्या दहा दिवसांच्या वर्गाला नाव घातलं, तेव्हा ताईही सोबत आली. मी गेलो हौसेनं, पण शिकली ती माझ्यापेक्षा चांगली.

मोडी ठाऊक आहे ना? आज आपण मराठी लिहितो ती देवनागरी, म्हणजे बाळबोध. मोडी ही झरझर लिहायची लिपी. आधी कागदावर आडव्या रेघा ओढायच्या आणि मग शक्यतो हात न उचलता अक्षरं लिहीत जायचं. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही. (हे ऐकून माझ्या वर्गातली मुलं म्हणाली, "गुरुजी, आम्हाला हीच शिकवा!") विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही लिपी वापरात होती. म्हणून अजूनही घरोघरच्या ट्रंकांत जमिनीचे, देण्याघेण्याचे मोडी कागद निघतात. वाचणारं मात्र घरात कुणी नसतं.

तर त्या रविवारी मला कल्पना सुचली. मोडी शिकवणारी एक वेबसाइट काढायची! काम ताईनं करायचं, पैसे ताईला. मी लगेच हिशेब मांडला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर होती. हजारातला एकच माणूस आला असं धरू. झाले १ लाख १२ हजार. प्रत्येकानं फक्त १० रुपये दिले, तर ११ लाख २० हजार! ताई शिलाई थांबवून कागदाकडे बघत राहिली.

वेबसाइट बनवून देणारा २६ हजार रुपये मागत होता. शिवाय नाव आणि जागा यांचं भाडं वर्षाला ४ हजार. इंटरनेटवर नावही कायमचं विकत मिळत नाही बरं का, ठरावीक मुदतीसाठी भाड्यानंच घ्यावं लागतं. एकूण ३० हजार. ताईची बँकेत नेमकी ३० हजारांची ठेव होती, तिच्या मुलाच्या अकरावीच्या प्रवेशासाठी जपून ठेवलेली. "मोडू या का?" ताईनं विचारलं.

माझा भाचा तेव्हा नुकताच नववी पास झाला होता. तो इतका वेळ गप्प होता. कागद ओढून घेत म्हणाला, "मामा, तो हजारातला एक माणूस कोण? त्याचं नाव सांगा."

मला एकही नाव सांगता येईना.

मग मी त्याला ॲलेक्स ट्यू या इंग्रज मुलाची गोष्ट सांगितली. २००५ साली २१ वर्षांच्या या मुलानं शिक्षणाच्या खर्चासाठी एक अगदी साधं वेबपान काढलं. त्यावर १० लाख बारीक ठिपके. एका ठिपक्याची जागा एका डॉलरला, जाहिरातीसाठी. साडेचार महिन्यांत सगळी जागा विकली गेली आणि त्याला एकूण १० लाख ३७ हजार १०० डॉलर मिळाले!

"आणि त्याची नक्कल करणाऱ्यांना किती मिळाले?" भाच्यानं विचारलं. खरी गोष्ट अशी, की नक्कल करणारे पुष्कळ निघाले, पण तसं यश कुणाला आलं नाही. लॉटरी लागलेल्याचा फोटो छापतात, तिकीट फाडून टाकणाऱ्यांचा नाही.

"आपण आधी शोधून काढू," भाचा म्हणाला. "शाळेत विज्ञानाचा प्रकल्प करतो ना, तसं." ठेव मोडायचं लांबणीवर पडलं.

पहिला शोध जाहिरातींचा. वेबसाइटवर जाहिरात लावली, की ती जितक्यांदा दिसेल किंवा लोक तिच्यावर टिचकी मारतील, तसे पैसे मिळतात. हिशेब साधारण हजार वेळांचा करतात. हजार वेळांना आपल्याला ५० रुपये मिळतील असं आम्ही धरलं. मग ३० हजार भरून यायला पान किती वेळा उघडलं गेलं पाहिजे? गणित तुम्हीच करा. उत्तर आलं ६ लाख वेळा. म्हणजे वर्षभर रोज सुमारे १,६४४ वेळा. आमच्या शाळेचा पट आहे ४३! शिवाय गूगलच्या जाहिरात योजनेत साठलेली रक्कम १०० डॉलरपर्यंत पोचल्याशिवाय हातात काहीच येत नाही, हेही कळलं.

दुसरा शोध, लोक मोडी शोधतात का? गूगलची 'ट्रेंड्स' नावाची सोय आहे. एखादा शब्द कोणत्या काळात कमी-जास्त शोधला गेला, त्याचा आलेख ती दाखवते. आलेख एके ठिकाणी १०० ला टेकलेला पाहून मी टाळीच वाजवली. भाच्यानं खालची सूचना वाचली. १०० म्हणजे शंभर माणसं नव्हेत, तर त्या काळातला सगळ्यात उंच बिंदू! वर्गात सगळ्यांना दहाच्या आत गुण पडले तरी पहिला नंबर कुणाचा तरी येतोच, तसं. रोमन अक्षरांत नुसतं मोडी लिहिलं, तर पंतप्रधानांच्याच बातम्या येऊ लागल्या. तिघंही खूप हसलो.

तिसरा शोध माझा. जून महिन्यातल्या शिक्षकांच्या बैठकीत मी २० जणांना विचारलं, "मोडी शिकवणारी वेबसाइट काढली तर बघाल का?" १८ हात वर! मी विजयी मुद्रेनं घरी आलो. भाचा म्हणाला, "मामा, प्रश्न चुकला. लोक तुम्हाला बरं वाटावं म्हणून हो म्हणतात. मागच्या वर्षात मोडीसाठी कुणी काय खर्च केला, ते विचारा." पुढच्या बैठकीत तसं विचारलं. एकानं एक पुस्तक घेतलं होतं, तेही अजून उघडलं नव्हतं. बाकीच्यांचा खर्च शून्य.

मी हिरमुसलो. तेव्हा ताई बोलली. "अरे, शिकायला कुणी पैसे देत नाही. पण वाचून घ्यायला देतात." तिला मागच्या वर्षात तिघंजण कागद घेऊन विचारायला आले होते. त्यांतला एक जण आधी एस.टी.नं जिल्ह्याच्या गावी जाऊन, पैसे देऊन एक कागद वाचून आला होता. २०२३ मध्ये राज्यात जुन्या कुणबी नोंदी शोधायचं काम जोरात सुरू झालं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची गरज सगळ्यांनाच कळली. हौसेला लोक टाळ्या देतात, अडचणीला पैसे देतात. उत्तर घरातच होतं. मी आपला ११ कोटींत शोधत होतो!

मग आम्ही वेबसाइटऐवजी एक कागद काढला. 'मोडी कागद वाचून मिळतील. पानाला १०० रुपये.' खाली ताईचा फोन नंबर. त्याच्या प्रती तहसील कचेरीजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत लावल्या. खर्च ६० रुपये. मी नोकरीतला शिक्षक, परवानगीशिवाय असा धंदा मला करता येत नाही, म्हणून काम सगळं ताईचंच. ती प्रत्येकाला आधीच सांगते, "घरी समजण्यापुरतं मी वाचून देईन. कोर्टकचेरीत द्यायचं असेल तर मान्यताप्राप्त मोडी वाचकाकडून करून घ्या." असं सांगितल्यानं दोघंजण परतही गेले. पण खोटी आशा लावून घेतलेले पैसे तिला नको होते.

चार महिन्यांत ११ जण आले. पानं झाली २६, पैसे २,६००. लखपती नाही झालो! पण त्या पैशांत ताईच्या मशीनला मोटर बसली. एका आजोबांना त्यांच्या पणजोबांनी विहिरीसाठी घेतलेल्या कर्जाचा कागद तिनं वाचून दाखवला, तेव्हा ते कागदावरून हात फिरवत बराच वेळ बसून राहिले. पैसे देऊन पुन्हा दारातून मागे वळले आणि म्हणाले, "त्यांचं नाव पुन्हा एकदा वाच, बाई."

भाचा प्रत्येकाला विचारून वहीत लिहायचा, 'आमचा पत्ता कुठून कळला?' आठ जणांना झेरॉक्सच्या दुकानातून, दोघांना ओळखीतून. अकरावे गृहस्थ मुंबईचे. गावच्या भावाकडून नंबर घेऊन त्यांनी कागदाचे फोटो फोनवर पाठवले होते. ते म्हणाले, "इंटरनेटवर शोधत होतो, पण तुम्ही सापडला नाहीत."

वहीत भाच्यानं लिहिलं आहे, 'वेबसाइट हवी असणारे : १.' त्याचं म्हणणं, हा आकडा १० झाला की बघू.

ठेव अजून बँकेतच आहे. अकरावीचे अर्ज निघाले की ती मोडायची आहे, ज्यासाठी ठेवली होती त्यासाठीच.