पहिला दाब

इंग्लंडमध्ये बक्सटनहून मॅकल्सफील्डला उतरणारा रस्ता मला आमच्या आंबेनळी घाटाची आठवण करून देतो. दरी तेवढी खोल नाही, पण वळणं तशीच, एक संपतं न संपतं तोच दुसरं. तिसऱ्या वळणातून बाहेर पडताना ब्रेकवर पाय ठेवला आणि पॅडल अर्ध्याच्याही खाली गेलं. पाय उचलून पुन्हा दाबलं, तर ते जागेवर, दगडासारखं घट्ट. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही वडिलांची शिकवण. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, म्हणून निभावलं.

गाडी 1972 ची एमजीबी. ऑक्सफर्डजवळ अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात 1962 पासून 1980 पर्यंत अशा पाच लाखांवर गाड्या बनल्या. पुढे डिस्क, मागे ड्रम, आणि माझ्या गाडीत चारही चाकांना मिळून ब्रेक ऑइलची एकच लाइन. आधीच्या मालकाने हौसेने पुढे चार पिस्टनचे मोठे कॅलिपर बसवले होते, मास्टर सिलिंडर मात्र मूळचाच ठेवला होता. काय बदललं, का बदललं, याची एका ओळीचीही नोंद गाडीच्या फाइलमध्ये नव्हती.

पॅडल बोलतं, आणि त्याची भाषा तळपायाला कळते. पाय ठेवून दाब धरला आणि ते हळूहळू बसत गेलं, बाहेर कुठे ऑइलचा थेंब नाही, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलं. स्पंजासारखं लागलं तर लाइनमध्ये हवा. लाकडासारखं कडक आणि गाडी थांबायला तयार नाही, तर बूस्टर पाहायचा. माझं पॅडल दुसऱ्या दाबाला सुधारत होतं. याचा अर्थ पहिला दाब कुठली तरी पोकळी भरण्यात खर्ची पडत होता.

आधी एअर काढली. मुलगी सीटवर, मी चाकाशी. "दाब. धर. सोड." बाटलीतल्या नळीत एकही बुडबुडा आला नाही. मग मागच्या ड्रममागचा चौकोनी अ‍ॅडजस्टर पान्याने आवळत नेला, चाक अडकलं तिथे थांबून किंचित सैल केला. "बाबा, वर आलं!" इंचभर तरी वर आलं असेल. त्यानंतर तिन्ही होज पाइप क्लॅम्पने अलगद आवळले. पॅडल वरच्या वर थांबलं आणि दाब धरूनही बसलं नाही. मास्टर सिलिंडर निर्दोष ठरला. पुढचे क्लॅम्प सोडले तेव्हा पॅडल थोडं खाली गेलं. ते साहजिक होतं. मोठ्या पिस्टनना ऑइल जास्त लागतं. पास्कलचा नियम सतराव्या शतकापासून तोच आहे: जोर जितका वाढवाल, तितकी चाल जास्त द्यावी लागेल.

पण गॅरेजमध्ये शहाण्यासारखं वागणारं पॅडल वळणांच्या रस्त्यावर पुन्हा दगा देई. सरळ रस्त्यावर नाही, फक्त वळणानंतर. दोष ऑइलच्या लाइनबाहेर आहे, हे तिथे लक्षात आलं.

पुढचं चाक जॅकवर घेतलं, वर आणि खाली हात धरून हलवलं. बारीकसा ठक आवाज. मुलीला ब्रेक दाबायला सांगितला आणि पुन्हा हलवलं. ठक बंद. किंगपिन झिजलेली असती तर ब्रेक दाबूनही ती हलली असती. ब्रेकने थांबतो तो बेअरिंगचा प्ले. हब उतरवला. दोन बेअरिंगांच्या मधे असायला हवा तो स्पेसर नव्हता, शिमही नव्हत्या, नट नुसता अंदाजाने आवळलेला. वळणावर हब तिरका होई, डिस्क पॅडना ढकले, पॅड पिस्टनना मागे सारत. गेज लावून पाहिलं होतं, प्ले 0.4 मिलिमीटरच्या आसपास होता. हवा होता 0.05 ते 0.10. पॅडपाशी केसाएवढी असलेली ही फट पॅडलपाशी येईपर्यंत कितीतरी पटींनी मोठी होते.

त्या अनोळखी माणसावर माझा राग नाही. त्याचं या गाडीवर प्रेम होतं, कॅलिपर चांगलेच निवडले होते. पण नवं बसवताना जुनं काय काढलं हे त्याने लिहून ठेवायला हवं होतं. ब्रेकच्या बाबतीत एवढी अपेक्षा मला रास्तच वाटते.

स्पेसर मिळाला. शिम तीन जाडीच्या मागवल्या: 0.003, 0.005 आणि 0.010 इंच. घालायच्या, नट आवळायचा, मोजायचं, पुन्हा उघडायचं. एका चाकाला अख्खी दुपार गेली, दुसऱ्याला थोडी कमी. पुढच्या रविवारी तोच उतार, तेच तिसरं वळण, आणि पहिल्याच दाबाला पॅडल पायाशी भिडलं.

घरी आल्यावर फाइलमध्ये एक कागद लावला: पुढे चार पिस्टनचे कॅलिपर, मास्टर सिलिंडर मूळचा. हबमध्ये स्पेसर आणि शिम आहेत, काढू नयेत. प्ले, डावीकडे 0.07, उजवीकडे 0.08 मिलिमीटर.