लोणचं आमचं, जाहिरात त्यांची

हिच्या लोणच्यांच्या वेबसाइटवर मी हौसेनं गूगलचं ॲडसेन्स बसवलं. दुसऱ्याच दिवशी आमच्या कैरीशेजारी पलीकडच्या गल्लीतल्या लोणचेवाल्याची बरणी झळकली!

"आपल्या ओट्यावर त्याचं दुकान? अडवा आधी!" ही कडाडली.

अडवायची सोय आहे, नाही असं नाही. त्याचा पत्ता टाकला की झालं. पण जाहिरातींचा तिथे लिलाव असतो. बोलीवाला हाकलला की भाव उतरतो, असं मी बाणेदारपणे सांगितलं. खात्यात ११ सेंट जमले होते ना! (१०० डॉलर झाल्याशिवाय ते हातात पडत नाहीत, हे बोललो नाही.)

परवा सख्ख्या मेहुण्यानं त्याच जाहिरातीवरून पाच किलो लोणचं मागवलं. रात्री मुकाट्यानं पत्ता अडवला. त्यानं चवीला पाठवलेली बरणी ही अजून उघडू देत नाही.